पाचारणाची पारख

दहावी-बारावीचे निकाल हाती आले, म्हणजे वसईच्या पट्ट्यात, मुंबईच्या उपनगरांत, नाशिक-नगरकडील खेड्यांत आणि पुण्याच्या कॅथलिक वस्त्यांत घरोघरी पुढील शिक्षणाची व नोकरीची जी चर्चा चालते, तिच्यात क्वचित एखाद्या घरी एक निराळाच विषय निघतो. घरातील मुलगी आपणांस सिस्टर व्हायचे आहे असे म्हणते, किंवा मुलगा एखाद्या संघात प्रवेश घेण्याचा मनोदय भीतभीत प्रकट करतो. त्यानंतर जे घडते ते बहुधा दोन टोकांपैकी एका टोकाचे असते. एक तर सारे घर हर्षभरित होऊन त्या मुलाची वा मुलीची वाट परस्पर निश्चित करून टाकते, नाही तर रडारड आणि मनधरणी यांनी तो विषय तेथल्या तेथे दडपला जातो. ज्याच्या आयुष्याचा हा प्रश्न आहे त्याला मात्र, हे पाचारण खरोखर परमेश्वराचे आहे की आपल्याच मनाचा तो तात्पुरता उमाळा आहे, हे शांतपणे पारखून पाहण्याची सवड कोणी देत नाही आणि रीतही कोणी सांगत नाही. ख्रिस्तसभेजवळ ही रीत आहे. शतकानुशतकांच्या अनुभवातून ती घडलेली आहे. आणि तिचे सार सांगायचे तर असे, की पाचारण एकट्याने, एका क्षणात आणि एका खुणेवरून ठरवावयाचे नसते. पुरेसा काळ जाऊ देऊन, जाणत्यांच्या साक्षीने आणि प्रत्यक्ष पावले टाकून ते पारखावयाचे असते.

प्रथम खुणेचाच विचार करू. पुष्कळ तरुण वर्षानुवर्षे तिची वाट पाहत थांबतात. स्वप्नात एखाद्या संताचे दर्शन होईल, मिस्सेच्या वेळी अंतरात स्पष्ट शब्द उमटतील, निदान मन कधीही न ढळणाऱ्या उत्कंठेने भरून जाईल, अशी त्यांची समजूत असते. आणि यांतले काहीच न घडल्यामुळे आपणांस पाचारण नाही, असा निष्कर्ष काढून ते मोकळे होतात. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये नेमक्या याच मुद्द्यावर मोठा वाद माजला होता. धर्मगुरुपदाचे पाचारण म्हणजे अंतःकरणातील गूढ आकर्षण नव्हे, असे प्रतिपादन जोसेफ लाहितों नावाच्या धर्मगुरूने १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केले, आणि त्यावर इतके वादंग उठले की प्रकरण रोमपर्यंत गेले. कार्डिनलांच्या समितीने त्याचा विचार केला, आणि १९१२ साली पोप दहावे पायस यांच्या मान्यतेने निर्णय झाला, की उमेदवाराच्या मनाला अशी ओढ वाटलीच पाहिजे, ही काही आवश्यक अट नव्हे. त्याचा हेतू शुद्ध असावा आणि निसर्गाने व कृपेने लाभलेली पात्रता त्याच्या ठायी असावी, एवढे पुरे आहे. हा निर्णय धर्मगुरुपदापुरता होता हे खरे. तथापि व्रतस्थ जीवनाचा विचार करणाऱ्यासही त्यातून घेण्याजोगा बोध आहे. ओढ वाटत असेल तर ती मोलाची आहे, परंतु तिच्या अभावी निराश होण्याचे कारण नाही, आणि केवळ तिच्या जोरावर निर्धास्त होण्याचेही कारण नाही.

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेचे ५९७ वे कलम याच दिशेने बोलते. योग्य हेतू, आवश्यक ते गुण आणि कोणत्याही प्रतिबंधक अडचणीचा अभाव, या गोष्टी ज्या कॅथलिक व्यक्तीच्या ठिकाणी असतील तिला व्रतस्थ संघात घेता येते, असे त्याचे तात्पर्य आहे. आणि घ्यावयाचे की नाही, याचा अधिकार संघाच्या वरिष्ठांकडे आहे. म्हणजे हेतू, पात्रता आणि स्वीकार अशा तीन कसोट्या झाल्या. त्यांतील पहिली मुख्यतः आपण आपल्याशी लावावयाची, दुसरी आपल्याला जवळून ओळखणाऱ्यांच्या साहाय्याने लावावयाची, आणि तिसरी संपूर्णपणे दुसऱ्याच्या हातातली आहे, हे ध्यानी ठेवले म्हणजे पुढचा मार्ग पुष्कळ सुकर होतो.

हेतूची तपासणी करताना स्वतःशी निष्ठुर प्रामाणिकपणा लागतो. ठरलेले लग्न मोडले म्हणून, घरातील मद्यपानाला आणि भांडणांना कंटाळून, परीक्षेत अपयश आले म्हणून, संघाच्या खर्चाने शिक्षण होईल वा परदेशी जावयास मिळेल म्हणून, किंवा आईने आजारपणात नवस बोलला होता म्हणून जो मठाच्या दाराशी येतो, तो परमेश्वराकडे येत नसून दुसऱ्या कशापासून तरी दूर जात असतो. अर्थात हेतू आरंभापासून निर्भेळ असतो असेही नाही. गणवेशाचे आकर्षण, शाळेतील एखाद्या सिस्टरविषयीचा आदर, गावात मिळणारा मान, यांचा थोडाफार अंश पुष्कळांच्या मनात असतो आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. प्रश्न एवढाच, की हे सगळे वजा केले असता खाली काही उरते काय. प्रभूच्या अधिक निकट राहून त्याची आणि त्याच्या लोकांची सेवा करावी ही इच्छा, मानाची व सोयीची आशा संपल्यावरही टिकून राहत असेल, तर तो हेतू भरवशाचा समजावा.

मनातील हालचाली वाचण्याची कला शिकावयाची असेल, तर लोयोलाच्या संत इग्नेशियसकडे जावे. १५२१ च्या मे महिन्यात पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय जायबंदी होऊन हा सरदार घरी पडून राहिला, तेव्हा मनोरंजनासाठी त्याने शौर्यकथांची पुस्तके मागितली. पण घरात ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे एवढीच होती. पडल्या पडल्या तो कधी दरबारातील पराक्रमांची, तर कधी संतांप्रमाणे जगण्याची स्वप्ने रंगवी. दोन्ही विचार येत असताना सारखाच आनंद होई. परंतु पहिले ओसरल्यावर मन कोरडे आणि असंतुष्ट राही, दुसरे ओसरल्यावरही प्रसन्नता टिकून राही, हा भेद त्याच्या लक्षात आला. पुढे सिद्ध झालेल्या त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथाला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली आणि त्यातील निर्णयासंबंधीचे नियम आजही तपसाधनेच्या वेळी वापरले जातात. त्यांतील दोन येथे विशेष उपयोगी आहेत. एक असा, की मन खिन्न आणि अंधारलेले असताना पूर्वी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये. दुसरा असा, की निवड कठीण जात असेल तर एखादा पूर्ण अनोळखी मनुष्य हाच प्रश्न घेऊन आपल्याकडे आला आहे अशी कल्पना करून त्याला आपण काय सल्ला देऊ ते पाहावे, आणि मृत्युशय्येवर असताना आपण काय निवडले असते तर समाधान वाटले असते, याचाही विचार करावा.

वाचकाने हे प्रत्यक्षात कसे आणावे? रोज रात्री दिवसभराच्या मनःस्थितीचे सिंहावलोकन करून चार ओळी वहीत लिहून ठेवाव्यात. या जीवनाचा विचार आज कोणत्या प्रसंगी आला, येताना कसे वाटले आणि गेल्यानंतर कसे वाटले, एवढेच लिहावे. मिस्सा, पापनिवेदन, पवित्र शास्त्राचे वाचन आणि थोडा वेळ मौन प्रार्थना, हा क्रम नियमित ठेवावा. परंतु संतपणाचे नाटक उभे करून उपास-तापासांची रेलचेल करू नये. काही महिन्यांनी वही वाचली म्हणजे, तपसाधनेच्या शिबिरानंतरचा आठवडाभराचा उत्साह कोणता आणि परीक्षा, सणवार, भांडणे व आजारपणे यांतूनही पुन्हा पुन्हा परत येणारा विचार कोणता, हे आपोआप वेगळे दिसू लागते.

दुसरी कसोटी पात्रतेची. कायद्याच्या ६४२ व्या कलमाप्रमाणे उमेदवाराचे आरोग्य, स्वभाव आणि परिपक्वता यांची खात्री करून घेणे वरिष्ठांचे कर्तव्य आहे. नोव्हिशिएट म्हणजे उमेदवारीचा जो विधियुक्त काळ, त्यात सतरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी प्रवेश दिला तर तो बाद ठरतो. विवाहबंधन कायम असताना दिलेला, अथवा जबरदस्ती, भीती किंवा फसवणूक यांच्या योगे घडवून आणलेला प्रवेशही बाद ठरतो. ज्याच्या डोक्यावर फेडता न येणारे कर्ज आहे त्यालाही घेण्यास मनाई आहे. १९१७ च्या जुन्या संहितेत आणखी एक अट स्पष्ट लिहिलेली होती: आईवडील गंभीर विपन्नावस्थेत असून त्यांना मुलाच्या आधाराची गरज असेल, तर अशा मुलाला घेऊ नये. आजच्या संहितेत ते वाक्य नसले तरी त्यातील न्याय जुना झालेला नाही. आणि वृद्ध मातापित्यांचा एकमेव आधार असलेल्या तरुणाने प्रथम त्यांची व्यवस्था लावावी, हा सल्ला कोणताही समंजस धर्मगुरू देईल.

कागदोपत्री पात्रतेपेक्षा स्वभावाची पात्रता अधिक महत्त्वाची. व्रते तीन: ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन. ज्याला संसाराची किळस येते तो ब्रह्मचर्याला योग्य ठरत नाही. विवाह आणि अपत्ये हे मोठे वरदान आहे हे ओळखून जो ते अर्पण करू शकतो तोच योग्य. खिशात पैसा नसणे हे दारिद्र्यव्रताचे केवळ बाह्य अंग आहे. आपला पगार संघाच्या सामाईक पेटीत जमा करून प्रवासखर्चासाठी वरिष्ठांकडे मागणे ज्याला अपमानास्पद वाटत नाही, त्याला ते साधेल. आज्ञापालनाची परीक्षा तर बदलीच्या हुकमाने होते: रुजलेली शाळा, ओळखीची माणसे आणि हातातले काम सोडून दूरच्या मिशनकेंद्रात रुजू व्हावे लागते. या तिन्हींहून कठीण असते ते सहजीवन. कारण आपण न निवडलेल्या माणसांबरोबर एकाच भोजनगृहात वर्षानुवर्षे जेवावयाचे असते. म्हणून घरातील धाकट्या भावंडांशी, शेजाऱ्यांशी आणि वर्गबंधूंशी आपले कसे जमते, रागावल्यावर आपण किती दिवस अबोला धरतो, कोणी चूक दाखविली तर काय करतो, याची उत्तरे उमेदवाराने आपल्या जवळच्या माणसांकडून मागून घ्यावीत. आणि पूर्वीचे आजार, मानसिक उपचार, प्रेमसंबंध, व्यसन यांपैकी काही असेल तर ते लपवू नये. लपविलेली गोष्ट पुढे उघड होतेच, आणि तोवर दोन्ही पक्षांची पुष्कळ वर्षे वाया गेलेली असतात.

या सर्व काळात एक आध्यात्मिक मार्गदर्शक असावा. तो धर्मग्रामातील धर्मगुरू असेल, अनुभवी धर्मभगिनी असेल, किंवा प्रार्थनाशील प्रापंचिक व्यक्तीही असू शकेल; मात्र आपण ज्या संघाचा विचार करीत आहोत त्याच संघासाठी उमेदवार मिळविण्याचे काम ज्याच्याकडे आहे, तो आपला एकमेव सल्लागार नसावा. इग्नेशियसने साधना देणाऱ्याला स्पष्ट बजावले आहे, की साधकाला व्रतस्थ जीवनाकडे वा त्याच्या विरुद्ध बाजूकडे ढकलू नये, तराजूच्या मधल्या काट्याप्रमाणे स्थिर राहून परमेश्वराला त्या जिवाशी थेट व्यवहार करू द्यावा. जो मार्गदर्शक पहिल्या भेटीतच "तुला नक्की पाचारण आहे" असे सांगतो, त्याच्यापासून सावध राहिलेले बरे.

यानंतर कोणत्या दारात जावे हा प्रश्न येतो, आणि येथे बरीच गल्लत होते. धर्मप्रांताचा धर्मगुरू आपल्या बिशपला आज्ञापालनाचे वचन देतो आणि ब्रह्मचर्य पाळतो, परंतु दारिद्र्याचे व्रत घेत नाही. संघातील धर्मगुरू तिन्ही व्रते घेतो. ब्रदर व्रतस्थ असतो पण धर्मगुरू नसतो. धर्मभगिनींमध्ये शाळा, रुग्णालये, वसतिगृहे आणि खेड्यांतील सेवा यांत गुंतलेले संघ आहेत, तसेच कार्मेलसारखे, मठाच्या चौकटीत राहून प्रार्थनेलाच वाहून घेतलेले संघही आहेत. ज्या शाळेत आपण शिकलो त्याच शाळेच्या सिस्टरांचा संघ आपल्याला योग्य असेल असे नाही. म्हणून निदान दोन-तीन संघांच्या घरी काही दिवस राहून पाहावे, संस्थापकाचे चरित्र आणि संघाची नियमावली वाचावी, आणि संकोच न करता विचारावे: दिवसात प्रार्थनेचा वेळ किती? घरात सामान्यतः किती जणी असतात? बोलण्याची भाषा कोणती, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला इंग्रजी शिकण्यास वेळ मिळतो काय? शिक्षण कोणते द्यावयाचे हे कोण ठरविते? घरी भेटीला किती काळाने जाता येते? ज्या घरातील वृद्ध भगिनी समाधानी दिसतात आणि ज्यांना प्रश्नांचा राग येत नाही, तेथे पुन्हा जावे.

पहिले दार बंद झाले म्हणून पाचारण संपले असे समजणाऱ्याने वसईच्याच संत गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र आठवावे. जेज्विटांच्या सहवासात वाढून त्यांच्याबरोबर जपानला गेलेल्या या तरुणाने त्यांच्या कार्यात मोठे साहाय्य केले. परंतु संघात घ्यावे ही त्याची विनंती मान्य झाली नाही. तो व्यापारात पडला, त्यात यशस्वी झाला, आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाला. जपानी भाषेचे त्याचे ज्ञान तेथे दुभाषा म्हणून उपयोगी पडले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर त्याने प्राण अर्पण केले आणि १८६२ साली तो संत म्हणून घोषित झाला. लिझ्यूच्या संत तेरेझाच्या मातापित्यांची कथा याहून वेगळी. तिचे वडील लुई मार्टिन यांना आल्प्समधील एका मठाने लॅटिन येत नाही म्हणून परत पाठविले होते, तर आई झेली यांना धर्मभगिनींच्या संघाने नाकारले होते. दोघांनी १८५८ साली विवाह केला, त्यांच्या पाचही हयात मुली धर्मभगिनी झाल्या, आणि २०१५ साली त्या दांपत्यालाच संतपद मिळाले. नकार कधी दुसऱ्या संघाकडे नेतो, कधी संसाराकडे. दोन्हीकडे पाचारणच असते.

प्रवेश मिळाल्यानंतरही घाई नसते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीच्या ५८ व्या अध्यायात घालून दिले, की नवागताला सहजासहजी आत घेऊ नये. चार-पाच दिवस तो दाराशी चिकाटीने थांबला तरच घ्यावे, आणि पुढे वर्षभरात तीन वेळा संपूर्ण नियमावली वाचून दाखवून, या नियमाखाली राहता येत असेल तर राहा, नाही तर मोकळेपणाने जा, असे सांगावे. आजचा कायदा त्याच भूमिकेवर उभा आहे. स्नानसंस्कार, दृढीकरण आणि अविवाहितपणा यांचे दाखले दिल्यावर व प्राथमिक उमेदवारी संपल्यावर नोव्हिशिएट किमान बारा महिन्यांचे असते, आणि या मुदतीत उमेदवार केव्हाही परत जाऊ शकतो. मग पहिली व्रते ठरावीक मुदतीची असतात; ती किमान तीन वर्षे टिकतात, साधारणतः सहा वर्षांपलीकडे जात नाहीत, आणि वाढवून दिली तरी एकंदर नऊ वर्षांहून अधिक होत नाहीत. आजीवन व्रते घेण्यास एकवीस वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. आपल्या मिळकतीचा कारभार पहिल्या व्रतांपूर्वी दुसऱ्याकडे सोपवावा लागतो, आणि आजीवन व्रतांपूर्वी मृत्युपत्र करावे लागते. इतकी दीर्घ मुदत ठेवण्याचा अर्थच हा, की प्रवेश म्हणजे अंतिम निर्णय नसून निर्णयाची शाळा आहे. आणि नोव्हिशिएटमधून विचारपूर्वक परत आलेल्या मुलीला "पळून आली" म्हणून हिणविणाऱ्या गावाला ही शाळा कळलेलीच नाही.

दुसऱ्या टोकाला, मनाची खात्री असूनही वाट पाहावी लागते. मदर तेरेसा यांना १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या प्रवासात गरिबांतील गरिबांसाठी नवे पाचारण जाणवले, तेव्हा त्या लोरेटो संघात अठरा वर्षे राहिलेल्या धर्मभगिनी होत्या. कलकत्त्याचे आर्चबिशप पेरियर यांनी त्यांना थांबविले आणि प्रकरण कसून तपासले. रोमची परवानगी येईपर्यंत, १९४८ सालापर्यंत, त्या आपल्या मठातच राहिल्या. ज्यांना परमेश्वराच्या हाकेविषयी संशय नव्हता त्यांनीही वरिष्ठांच्या संमतीची वाट पाहिली, हे ध्यानी घेतल्यावर आपल्या अधीरतेला फारसे समर्थन उरत नाही.

मातापित्यांशी दोन शब्द बोलल्याविना हा लेख पुरा होणार नाही. जीवनाची अवस्था निवडताना कोणावरही कसलीच सक्ती होऊ नये, हा प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीचा हक्क कायद्याच्या २१९ व्या कलमाने नोंदविला आहे. त्याच्याही आधी, १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने मुलींना बळाने मठात घालणाऱ्यांना बहिष्काराची शिक्षा फर्मावली, आणि योग्य कारणावाचून त्यांची पवित्र इच्छा अडविणाऱ्यांनाही तीच लावली. संत थॉमस अक्वायनस यांच्या घरच्यांचे उदाहरण तर प्रसिद्धच आहे: मोंटे कासिनोच्या श्रीमंत मठात मुलगा जावा हे त्यांना चालणार होते, पण भिक्षेवर जगणाऱ्या डोमिनिकन संघात तो गेला म्हणून त्यांनी त्याला सुमारे वर्षभर कोंडून ठेवले. आजही प्रतिष्ठेचा संघ असेल तर होकार आणि आदिवासी पाड्यात राबणारा साधा संघ असेल तर नकार, असे म्हणणारी घरे आहेत. मुलाला शिक्षण पुरे करण्यास, थोडे थांबण्यास सांगणे हा आईबापांचा अधिकार आहे. पण थांबविण्याला मुदत असावी, आणि ती सरल्यावर दिलेला शब्द पाळला जावा.

तेव्हा तरुण वाचकहो, पूर्ण खात्री होईपर्यंत मी कोणाशी बोलणार नाही, हा हट्ट सोडा. कारण तशी खात्री बोलल्याशिवाय, पाहिल्याशिवाय आणि काही काळ त्या घरात राहिल्याशिवाय येत नाही. आजपासून वही ठेवा, या महिन्यात एका विश्वासू मार्गदर्शकाला भेटा, येत्या सुट्टीत एखाद्या संघाच्या घरी राहून या, आणि शेवटचा शब्द ज्यांचा आहे त्या वरिष्ठांना होकार वा नकार देण्याची संधी द्या. परमेश्वराने बोलाविले असेल तर या तपासणीने त्याचा शब्द बुडणार नाही. आणि बोलाविले नसेल, तर तुम्ही मोकळ्या मनाने दुसऱ्या वाटेला लागाल.